सासूबाई विमानात आणि चाक बाहेर

“अगं, चाकं वर घे म्हणतोय मी!” मी ओरडलो. माझा आवाज असा, की रेडिओ बंद पडला तरी कंट्रोल टॉवरचं काही अडू नये.

“घेतली, सर,” शेजारच्या खुर्चीतली को-पायलट म्हणाली. हैदराबादच्या तारनाक्यात वाढलेली मराठी पोरगी, निम्मं बोलणं दखनी. “लिव्हर वरच आहे. एक चाक आत यायलाच नै. आणि हल्लू बोला ना, बाजूलाच बसलेय मी.”

समोर लाल दिवा, कानात घंटी. पुण्याला निघालेलं विमान हैदराबादवर एक तंगडी बाहेर काढून लोंबत होतं. तिच्यावर वारा असा घोंघावत होता, की खाली दिलसुखनगरातल्या झाडून साऱ्या कोचिंग क्लासांनी खिडक्या लावून घेतल्या असणार.

चाकाची मला फिकीर नव्हती. फिकीर होती सातव्या रांगेतल्या सासूबाईंची. लग्न झाल्यापासून मी त्यांना ‘एकदा माझ्या विमानात बसा’ म्हणून विनवत आलो, आणि जन्मभर गणित शिकवलेल्या त्या बाई दर खेपेला नामपल्लीहून रेल्वे धरत आल्या. आज पहिल्यांदाच बसल्या होत्या. आज बिथरल्या, तर पुन्हा विमानाची पायरी चढायच्या नाहीत. वर ‘जावयाने हवेत टांगलं’ हे साऱ्या गोतावळ्याला सांगत सुटतील.

आमच्या धंद्यात रीत अशी, की बिघाड झाला की एकाने फक्त विमान उडवायचं, दुसऱ्याने बाकीचं सगळं निस्तरायचं. “तू उडव,” मी म्हटलं. तिने वेग आवरून धरला. मी सूचना वाचत लिव्हर खाली केली, पुन्हा वर केली. चाक जावयासारखं रुसून बाहेरच. शेवटी लिव्हर खाली ठेवली, तसे तिन्ही चाकांचे हिरवे दिवे लागले. म्हणजे उतरता येणार होतं. पण हैदराबादलाच, आणि तेही घिरट्या घालून, इंधन जाळून वजन उतरवल्यावर.

मग मी माइक घेतला. “मंडळी, एक चाक आत येत नाहीये. हरकत नाही, उतरताना ते बाहेरच लागतं. त्याला जरा आधीच घाई झालीय. विमान माझी सहकारी चालवतेय, त्यामुळे मी निवांत आहे.” हेच हिंदीत, इंग्रजीत, मोडक्या तेलुगूत, मग पुन्हा मराठीत. इंधन संपत आलं, माझं संपेना.

“सर, आता बस करा,” को-पायलट म्हणाली. “उतरायचंय.”

दुधावर साय धरावी तसं तिने विमान धावपट्टीवर टेकवलं.

दुसरं विमान तयार होईपर्यंत मी सातव्या रांगेशी गेलो. सासूबाई चष्मा पुसत होत्या.

“आई, घाबरलात का? पुढच्या विमानात याल ना?”

“येते की,” त्या म्हणाल्या. “तुमचं बोलणं चालू होतं तोवर काळजी नव्हती. विमान ती चालवत होती ना.”