दामूची नळी

परवा नातवाच्या मोटारसायकलजवळ पेट्रोलचा वास आला आणि पन्नास वर्षांपूर्वीची ती लाल स्पोर्ट्‌स कार आठवली. आमच्या नागपूरच्या गॅरेजात उभी असताना तिचं इंजिन मध्येच जोरात धावायचं, मध्येच बंद पडायचं. मी दोन दिवस कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत होतो. सोबतचा मिस्त्री दामू याने रबरी नळी कानाला लावली आणि दुसरं टोक कार्ब्युरेटरखाली फिरवत बारीक फुसफुस टिपली.

"इथून हवा ओढून राहिली. हे फाटकं पॅकिंग कोनं बसवलं गा?"

मीच बसवलं होतं. गॅरेजच्या मालकांना मात्र मी दामूचं नाव सांगितलं. त्यांनी त्याला कामावरून काढलं. जाताना त्याने नळी माझ्या हातात दिली.

"ठेव, तुले लागन."

पुढे त्याच नळीने इंजिनातले दोष ऐकून ओळखणाऱ्या माझ्याच कानाची ख्याती झाली. मुलगा म्हणतो, "आता काहून उकरता, बाबा?"

उकरणारच. चूक माझी होती, कान दामूचा.