कूलरची बुरशी

मे महिन्यात नागपूरकराला देवापेक्षा कूलरची आठवण जास्त येते. आमच्या लॅबमध्येही एक होता. खिडकीत बसवलेला, पत्र्याचा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. सकाळी गेल्या गेल्या त्यात चार बादल्या पाणी ओतायचं आणि मगच साडीवर पांढरा कोट चढवायचा, हा माझा नेम होता. दवाखाना मोठा, उन्हाळा त्याहून मोठा, आणि लॅबची खोली पश्चिमेची. कूलरशिवाय तिथे तासभर बसून दाखवणाऱ्याला मी साष्टांग नमस्कार घातला असता.

पण कूलरच्या ओल्या हवेबरोबर बुरशीही उडायची. रक्तातले जंतू वाढवण्यासाठी आम्ही ज्या काचेच्या प्लेटा उघडत असू, त्यांच्यावर ती हमखास बसायची. म्हणून आमच्या वरिष्ठांनी एक नियमच करून ठेवला होता, मे महिन्यातलं पांढरं ते कूलरचं. प्लेटवर बुरशी दिसली की प्लेट फेकायची आणि फॉर्मवर शिक्का मारायचा, ‘नमुना दूषित, पुन्हा पाठवा’. रोज रोज कोण लिहीत बसणार, म्हणून रबरी शिक्काच करून घेतला होता. मला तो नियम फार आवडायचा. मी हाताने चपळ होते, तोंडानेही होते, आणि दुपारच्या आत टेबल रिकामं करण्याचा मला भारी गर्व होता.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. वॉर्डातून लॅबमध्ये तपासायच्या रक्ताची बाटली पोचवायची ती नातेवाइकांनीच. शिपाई कागदावर होते, प्रत्यक्षात कधी दिसायचे नाहीत. त्या दिवशी नवजात बाळांच्या वॉर्डातली बाटली घेऊन एक माणूस आला. तिशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, नरखेडकडचा संत्र्याचा बागाईतदार. बाटली त्याने दुपट्ट्यात गुंडाळून दोन्ही हातांत धरली होती. फॉर्मवर बाळाचं नाव नव्हतं, नुसतं आईचं नाव आणि पुढे ‘चे बाळ’. मी नुसतं वर पाहिलं तर तो सांगू लागला, की बारसं अजून व्हायचं आहे, आठव्या महिन्यातच झाली, ताप उतरत नाही, दोन औषधं बदलून झाली.

“नऊ वर्सांनी झाली, बाई. पोरगी हाये.”

दोन दिवसांनी तिच्या प्लेटवर पांढरे ठिपके आले. मी थोडं काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल गोल पेशी, एकेकीला कोंब फुटलेला. बुरशीच. माझ्या डोक्यावर कूलर घरघरत होता. मी प्लेट फेकली आणि शिक्का मारला.

आता हे लपवण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते. हवेतली बुरशी प्लेटवर लोकरीसारखी वाढते, केसाळ. ही तशी नव्हती. हिचे ठिपके गुळगुळीत होते, दुधावर साय धरावी तसे. तो फरक मला ओळखता येत होता. परीक्षेत मी त्यावर दीड पान लिहिलं होतं. पण मे महिना होता, नियम होता, आणि मला घाई होती.

दोन दिवसांनी तो माणूस दुसरी बाटली घेऊन आला. डोळे खोल गेलेले. बाटली ठेवून दाराशीच उभा राहिला. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर लाल शाईने लिहिलं होतं, की तिसरं औषधही लागू पडत नाही, लवकर कळवा. ती लाल अक्षरं वाचून मला पहिल्या प्लेटवरचे गुळगुळीत ठिपके आठवले. मी उठून कूलर बंद केला. खिडकी लावली, पंखा बंद केला, गॅसची ज्योत मोठी केली आणि हवेतलं काही पडू नये म्हणून तिच्याजवळ बसूनच बाटलीतलं रक्त प्लेटवर घेतलं. घामाने कोट अंगाला चिकटला. तो दारातून पाहत होता. त्यानंतर मी दोन दिवस लॅबमध्ये कूलर लावू दिला नाही. वरिष्ठ चिडले, बाकीच्यांनी मला वेड्यात काढलं.

प्लेट लॅबच्या इनक्युबेटरमधून, जंतू वाढवायच्या उबदार पेटीतून काढली तेव्हा झाकण उघडायच्या आधीच मला कळलं. तेच सायीसारखे ठिपके, आणि भिजवून विसरलेल्या कणकेचा आंबूस वास. बाळाला जी औषधं चालू होती त्यांच्या कागदी टिकल्या मी प्लेटवर ठेवल्या होत्या. औषध लागू असलं तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ पडतं. इथे एकाही टिकलीभोवती तसं पडलं नव्हतं, बुरशी सरळ टिकल्यांना जाऊन भिडली होती. पडणार कुठून? ती औषधं जंतू मारणारी होती, बुरशीला त्यांचं काय? उलट शेजारचे जंतू मेले आणि हिला रान मोकळं मिळालं. बुरशी बाळाच्या रक्तात होती. पहिल्या दिवसापासून होती.

मी रिपोर्ट घेऊन स्वतः जिने चढले. डॉक्टरीणबाईंनी वाचला आणि एकच विचारलं, पहिल्या बाटलीत काय होतं? मी म्हणाले, तेच होतं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला आणि फोनकडे गेल्या.

बुरशीवरचं इंजेक्शन नागपुरात मिळालं नाही. मुंबईहून मागवावं लागलं, त्यात आणखी दोन दिवस गेले. उजेडाने खराब होतं म्हणून सलाईनच्या बाटलीला काळा कागद गुंडाळून ते द्यायचे. रोज मी काहीतरी निमित्त काढून वॉर्डात डोकावायची. बाळ माझ्या वीतभर हाताहून थोडं मोठं. आई शेजारी बसून स्टीलच्या वाटीत दूध पिळून काढायची, ते नळीने बाळाच्या पोटात जायचं. दोन दिवस रंग सुधारला. बाप मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, की आज पोरीनं मूठ आवळली. मी त्या दिवशी घरी गणपतीपुढे साखर ठेवली.

मग तिसरी बाटली आली. इंजेक्शन चालू असतानाची. त्यातही बुरशी वाढली.

ती गेली तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. चौथी बाटली आली नाही म्हणून मी वर गेले. पाळणा रिकामा होता. आई लहान लहान फडकी घड्या घालून पिशवीत भरत होती, आणि तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग पसरत होते. सिस्टर तिला सांगत होत्या, छातीला घट्ट कापड बांध, चार दिवसांत आटेल. मला तिथे उभं राहवेना. खाली येऊन मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

डॉक्टरीणबाईंनी पुढे एकदा माझी समजूत घातली. म्हणाल्या, ती बुरशी त्या इंजेक्शनलाही दाद देत नव्हती, चार दिवस आधी कळलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित. त्या शब्दाशी मी इतकी वर्षं भांडते आहे.

थंडीत, संत्र्यांची तोडणी सुरू झाली तेव्हा, तो माणूस लॅबच्या दारात उभा दिसला. हातात कापडी पिशवी. त्याने पिशवी टेबलावर ठेवली, बागेतली आहेत म्हणाला. माझ्या लेकरासाठी तुम्ही एवढ्या उन्हात कूलर बंद करून बसल्या होत्या, ते मी विसरलो नाही म्हणाला. मग पायाकडे पाहत त्याने विचारलं,

“बाई, एक इचारू? पैली बाटली माह्याच हातानं खराब झाली न?”

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं. फाटकाजवळच्या टपरीवर त्याने चहा घेतला, आणि चहा पिईपर्यंत बाटली बाकड्यावर ठेवली. पुढे शिक्क्याचा कागद वॉर्डात कुणीतरी त्याला वाचून दाखवला, की बाटली खराब झाली, दुसरी न्या. त्याने भाबडेपणाने चहाची गोष्ट बायकोला सांगितली. तेव्हापासून ती ताट वाढते, पण मान वर करून बघत नाही.

“थे म्हनते, तुमचा चहा झाला, माहं लेकरू गेलं.”

मी म्हणाले, “नाही हो. तुमच्या हातून काही झालं नाही. बाटली नीट होती.”

“मंग शिक्का काहून मारला?”

विचारणं रागाचं नव्हतं. त्याला घरी जाऊन सांगायला काहीतरी हवं होतं. माझ्या जिभेवर एकच वाक्य होतं, चूक माझी आहे. चुरूचुरू बोलणाऱ्या माझ्या जिभेने ते सोडून दुसरंच उचललं.

“कूलरमुळे,” मी म्हणाले. “कूलरमधून बुरशी उडते.”

त्याने खिडकीकडे पाहिलं. कूलर दिवाळीआधीच काढून व्हरांड्यात ठेवला होता, खिडकीला पुठ्ठा लावला होता. त्या पुठ्ठ्याकडे बघत त्याने मान हलवली. तिले सांगतो, म्हणाला, आणि आला त्याहून जरा ताठ चालत गेला.

संत्री लॅबमध्ये सगळ्यांनी खाल्ली. गोड होती म्हणाले. मी म्हणाले, मला खोकला आहे.

त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं. उतरलंही असेल. नवरा-बायको पुन्हा बोलू लागले असतील, अशी आशा मी अजून करते. पण ते ओझं माझं होतं, आणि मी ते पत्र्याच्या डब्यावर लोटलं. बाटली खरोखर नीट होती. चहाच्या बाकड्यावर ठेवूनसुद्धा नीट होती. आपल्याला काय होतंय ते त्या पोरीने पहिल्याच बाटलीत सांगितलं होतं, आणि तिच्या बापाने ते दोन्ही हातांत धरून माझ्यापर्यंत आणलं होतं. शिक्का मी मारला.