तोडल्या जागचा कोंब

आज कुंडीतला सुकत आलेला गुलाब छाटताना बोटांना वास लागला आणि सत्तरच्या दशकातला मोहाडीचा बाजार आठवला. नवरा वारल्यावर माहेरी परतलेली माझी धाकटी आत्या तिथं गुलाबाची रोपं पाहत होती. पानं उलटून डाग पाही, गळलेली पाकळी चोळून हुंगी. फुलांनी भरलेली रोपं मात्र तिनं बाजूला सारली.

"तुले आता गुलाब कायले?" आई म्हणाली.

आत्यानं मान वर केली नाही. "फूल तोडल्या जागी कोनत्या झाडाले नवा कोंब फुटला, ते पाहून राहिली, वैनी."

मला तेव्हा ती नुसती चोखंदळ वाटली.

पुढं आत्याचं दुसरं लग्न लागलं. त्या बाजारातून तिनं निवडून आणलेल्या झाडाचं फूल आईनं स्वतः तिच्या अंबाड्यात खोवलं.