सुमित्राक्कांनी काढलेला इंडेक्स

आमच्या सुमित्राक्का रोज सकाळी संगणकाशी भांडायच्या. हुबळीत देशपांडे नगरातल्या, दवाखान्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या छोट्या कंपनीत त्या डेटाबेस सांभाळत. पुस्तकाला सूची असली की हवं ते पान पटकन सापडतं, तसेच माहितीलाही इंडेक्स करावे लागतात. कुठले नवे करावेत, कुठले काढावेत, हे पुढं डेटाबेस आपणहूनच सुचवू लागला. अक्का त्या सूचना मोठ्यानं वाचत आणि वर सुनावत, "मला शाणपणा शिकवालास काय रे?"

बाई मूळच्या अळणावरजवळच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याची लेक. जुने इंडेक्स सगळे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केलेले. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत. त्यांच्या हाताखाली मी नवी होते. मला त्यांचा धाकही वाटे आणि कौतुकही.

एकदा सूचना आली: रुग्णाच्या नावावरचा इंडेक्स कुणी वापरत नाही, तो काढा, गाव आणि नाव मिळून नवा करा. नावावरचा इंडेक्स म्हणजे अक्कांचा सगळ्यांत पहिला. "नावावाचून माणूस सापडतो काय? कायतरीच सांगालंय," म्हणत त्यांनी सूचना झटकली.

इकडं अळणावरच्या एका दवाखान्यातून रोज तक्रार येत होती. जुना केसपेपर शोधायला इतका वेळ लागे, की आजारी माणसं दाराबाहेर उन्हात उभी राहत. आठवड्यानं डॉक्टर चिडून म्हणाले, "शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर आमच्या वह्याच बऱ्या."

दुसऱ्या दिवशी अक्का मला घेऊन बसनं अळणावरला गेल्या आणि काउंटरमागं स्टूल ओढून बसल्या. तिथल्या बाई प्रत्येकाला पहिलं विचारत, "याव ऊर, अव्वा?" कुठलं गाव ते कळलं, की ते टाकून यादी काढायची, मग त्यात नाव बघायचं. शांतव्वा तर गावागणिक चार-पाच! तासाभरानं अक्का हळूच म्हणाल्या, "आमच्यात आधी गावच विचारतात की ग. मी हितलीच, आणि मीच विसरले बघ."

परत आल्यावर त्यांनी मालकांसकट सगळ्यांना बोलावलं. "यंत्र बरोबर होतं. चूक माझी," असं सरळ सांगितलं, सूचना मान्य केली आणि आपला इंडेक्स स्वतःच्या हातानं काढून टाकला. शनिवारी दवाखान्यातून फोन आला: रांग उरलीच नव्हती. त्या दिवशी अक्कांचा मला जितका अभिमान वाटला, तितका त्यांच्या हुशारीचाही कधी वाटला नव्हता.

आता त्या निवृत्त होऊन रायापूरला राहतात, त्यांच्या खुर्चीवर मी बसते. त्या नव्या इंडेक्सला त्यांनी जोडलेली टीप अजून आहे: 'हा यंत्रानं सुचवला. सुमित्रा पाटील आठवडाभर नाही म्हणाली. लोकांना त्रास झाला. चूक तिची.'

परवा नव्यानं लागलेल्या एका मुलीनं ती वाचली आणि चकित होऊन विचारलं, "मॅडम, स्वतःबद्दल असं कोण लिहून ठेवतं?"

"माझ्या गुरूंनी ठेवलंय," मी म्हणाले, आणि माझी मान आपोआप ताठ झाली.