पिसांच्या चार दोऱ्या आणि धुकं

माझ्या नवऱ्याला मासे पकडता येत नाहीत. हे मी त्याच्यासमोर, पाहुण्यांसमोर आणि एकदा त्याच्या बॉससमोरही बोलले आहे, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. आमिष मात्र तो असं बांधतो की बघत राहावं. ऑक्टोबर लागला की दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर कोंबडीची पिसं, चकचकीत दोरा आणि गळ येऊन बसतात. गळाभोवती पिसं गुंडाळून तो अशी काही चीज करतो की पाण्यात ती छोट्या माशासारखी पळते. मुलगी म्हणते, "बाबा, धिस इज अ हेल्थ हॅझर्ड," आणि ताट घेऊन आपल्या खोलीत जाते.

बोट नवऱ्याच्या मित्राची, भाईंची. भाई मूळचे रत्नागिरीकडचे, आता अल कुसैसला राहतात. मला वैनी म्हणतात आणि माझं काहीही ऐकत नाहीत. एका नोव्हेंबरात त्यांनी आम्हा दोघांना सुरमईसाठी उम्म अल कुवेनच्या समुद्रात नेलं. काम सोपं असतं. बोट सावकाश चालवायची, मागे पिसांच्या चार दोऱ्या सोडायच्या आणि सुरमई फसेल अशी आशा करत डबा उघडायचा. मी डबा उघडला. मेथीचे ठेपले होते.

तेवढ्यात किनारा गेला. धुकं हळूहळू येतं वगैरे म्हणतात, तसं काही झालं नाही. इमारती होत्या, मग नव्हत्या. मग बोटीचं पुढचं टोकही दिसेना. आणि कुठूनतरी जहाजाचा भोंगा वाजला. लांबलचक, पोटातून आल्यासारखा.

भाईंनी इंजिन बंद केलं. "कुठून येतो ते ऐकू दे."

आम्ही कान देऊन ऐकलं. दोऱ्यांचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बोट थांबल्यावर त्या सैल पडल्या आणि मुकाट्याने इंजिनाखाली आल्या. दुसरा भोंगा जवळून वाजला. भाईंनी इंजिन चालू केलं, ते दोनदा गुरगुरलं आणि गुदमरून बंद पडलं.

नवऱ्याने मागे वाकून पाहिलं. "पंख्यात दोरी गेलीय."

भाई इंजिन वर उचलायला गेले तर ते अर्ध्यावर अडकलं. पंखा पाण्याखालीच राहिला. बोट आवाजाला आडवी झाली होती, म्हणून ती वळवायला भाईंनी वल्हं घेतलं. "अशीच ऱ्हायली तर खलास," ते म्हणाले. नेहमी हसून बोलणारा माणूस, पण हे हसून नाही बोलला.

नवऱ्याने सुरी तोंडात धरली आणि लाइफ जॅकेटचे पट्टे सोडायला लागला.

"जॅकेट काढायचं नाही," मी म्हटलं.

त्याने तोंडातली सुरी काढली. "जाड आहे ते. हात पोचत नाही."

"तुला पोहता कुठे येतं?"

"येतं की. बिल्डिंगच्या पूलमध्ये."

तो पूल माझ्या छातीएवढा खोल आहे. पण तो जॅकेट टाकून इंजिनावरून ओणवा झालासुद्धा. मी त्याची पँट कमरेजवळ दोन्ही मुठींनी धरली. भाईंनी माझ्या जॅकेटची शिट्टी माझ्या तोंडात दिली. "फुंकत ऱ्हावा वैनी, थांबू नका." आयुष्यात पहिल्यांदा मला बोलता येत नव्हतं.

खालून नवऱ्याचा आवाज आला, "हिच्या तोंडात शिट्टी द्यायचं इतकी वर्षं कुणाला कसं सुचलं नाही?" मग त्याचं डोकं पाण्यात गेलं.

आता भोंग्याची गरज नव्हती. धडधड बोटीच्या तळातून माझ्या गुडघ्यांत येत होती. डिझेलचा वास आला. एका बाजूचं धुकं दुसऱ्या बाजूपेक्षा काळं दिसायला लागलं.

"वर घ्या त्यांना," भाई म्हणाले.

मी ओढलं. तो येईना. उलट त्याने पाय झाडला. अजून एक वेढा राहिलाय, असं तो सांगत होता की बुडत होता, मला कळेना. मी पुन्हा ओढलं. शिट्टी फुंकत, नाक वाहत, अंगात होतं नव्हतं ते सगळं लावून. तो वर आला, खोकला आणि दोरी सुटली म्हणून मान डोलावली. भाईंनी इंजिन मारलं. पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं आणि बोट बाजूला सरली.

आम्ही होतो तिथून एक गंजलेली भिंत सरकत गेली. ती संपता संपेना. वरून कुणी आमच्याकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मग लाटा आल्या, आम्हाला वरखाली आपटून गेल्या.

"वैनी, शिट्टी थांबवा," भाई म्हणाले. "आणि सोडा त्यांना."

मी शिट्टी थुंकून टाकली. "सोडलंय की."

सोडलं नव्हतं. बोटं उघडतच नव्हती. नवरा माझ्यापुढे बसला आणि एकेक बोट सोडवायला लागला, करंगळीपासून. काहीतरी टोमणा मारेल म्हणून मी वाट पाहिली. अंगठ्यापर्यंत आला तेव्हा तो थांबला, आणि मी त्याचा हात घट्ट धरला.