वाटीतला नाकतोडा

बाबा गेले आणि त्यांचे दिवस झाल्यावर मी आईला इकडे ऑस्ट्रेलियात घेऊन आले. घेऊन आले असंच म्हणायला हवं, कारण ती काही आपणहून निघाली नव्हती. मी एकुलती एक. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिला एकटीला ठेवणं माझ्या मनाला पटत नव्हतं, आणि एकदा मी मनावर घेतलं की कुणाचं ऐकत नाही, हे माझ्या नवऱ्यालाही माहीत आहे आणि ऑफिसातल्यांनाही. कॅनबेराच्या गुंगालिन भागातल्या आमच्या घरात तिच्यासाठी खालची खोली तयार केली, चांगला हीटर घेतला, कुंडीत तुळस लावली. आता कायमची इथेच राहा, म्हणाले. ती म्हणाली, "बघू." इथला अख्खा हिवाळा तिने त्या एका शब्दावर काढला. माझी शाल पांघरून ती मागच्या खिडकीशी बसायची. बोलायची कमी, आणि जेवायची त्याहून कमी.

त्या खिडकीतून आमचं अंगण दिसतं, कुंपणापलीकडे सायकलचा रस्ता आणि त्याच्याही पलीकडे गवताचा माळ. चहूकडे घरं झाली, पण तेवढा तुकडा राखीव म्हणून सोडलेला आहे. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी राहिले आणि त्यात एकदाही पाय ठेवला नव्हता.

बाबा रोज गणपतीची पूजा करायचे आणि दुर्वा आई आणायची, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवरून. जुडीतून कधीकधी नाकतोडा निघायचा आणि थेट ताम्हनात उडी मारायचा. मी किंचाळायचे. बाबा तोंडचा मंत्र न थांबवता त्याच्यावर वाटी पालथी घालायचे, खालून पुठ्ठा सरकवायचे आणि त्याला खिडकीतून सोडून द्यायचे. तो भुर्रकन उडून जायचा. घरात आलेल्या जिवाला मारायचं नाही, असा त्यांचा नियमच होता.

नोव्हेंबरात, इथला उन्हाळा जवळ येताना, ऊन तापायला लागलं आणि माळाच्या कडेच्या दुर्वा हिरव्या झाल्या. आईला त्या कशा दिसल्या कोण जाणे. त्या शुक्रवारी संकष्टी होती आणि मी घरूनच काम करत होते. मीटिंग संपवून स्वयंपाकघरात आले तर आई ओट्यापाशी उभी राहून दुर्वा निवडत होती. पंजाबी ड्रेसवर माझं जुनं जॅकेट, नखांत माती, आणि चेहरा कितीतरी महिन्यांनी जरा उजळलेला. ती एकटी बाहेर जाऊन आली होती. मला इतकं बरं वाटलं की आता ही इथे रुळणार, असं मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात जुडीतून नाकतोडा निघाला. वाळक्या पानाच्या रंगाचा, मानेमागे फिकट फुली असलेला. पंख मात्र अगदी आखूड, लहानपणीचं जॅकेट मोठेपणी घातल्यासारखे. आईने शांतपणे वाटी घेतली, पालथी घातली, खालून पुठ्ठा सरकवला, मागचं दार उघडलं आणि त्याला अंगणात सोडलं. मग ती वाट बघत उभी राहिली. त्याने एक उडी मारली आणि आमच्या प्लास्टिकच्या हिरवळीवर तो बसून राहिला.

"उडत का नाही गं हा?"

"गारठला असेल," म्हणून मी परत लॅपटॉपपाशी गेले.

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर माळावर गेले. तिथे माळाची निगा राखणाऱ्यांपैकी, मोठी हॅट घातलेली एक म्हातारी बाई गुडघ्यांवर बसून तण उपटत होती. ती आमच्याकडे आली तेव्हा मी जरा धास्तावले, कारण राखीव माळावरून काही तोडायचं नसतं. पण आईच्या हातातल्या दुर्वा बघून ती हसली. हे तर आम्हीच उपटतो, म्हणाली, हवं तेवढं न्या, हे इथलं गवत नव्हे. मी आईला तसं सांगितलं. दुर्वांना कुणी तण म्हणतं हे ऐकून आईने हातातल्या जुडीकडे नुसतं पाहिलं.

बोलायला काहीतरी हवं म्हणून मी कालच्या नाकतोड्याचं सांगितलं. बाईने लगेच फोनमध्ये फोटो दाखवला. पाठीवर तीच फुली, तेच तोकडे पंख. त्याला पेरुंगा म्हणतात. तो फक्त आमच्या या भागातल्या थोड्या माळांवर उरला आहे. त्याला उडता येत नाही. गवताच्या झुबक्यांमधली रुंद पानांची छोटी झाडं खातो. थंडीचे दिवस पिल्लू म्हणून झुबक्यांच्या आडोशाने काढतो, वसंतात मोठा होतो आणि उन्हाळा भरात येण्याआधी संपतो. शेतांवर धाड घालणारे टोळ त्याचे भाऊबंद, पण ते लांब पल्ला गाठतात. दुसरा एक नातलग आगकाडीसारखा बारीक, त्याला तर पंखच नाहीत. हे दोघे जिथे जन्मले तिथेच राहतात. मधे रस्ता झाला की अलीकडचे अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे.

मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत होते. सगळं ऐकून आईने विचारलं, "मग आपल्या अंगणात तो खाणार काय?"

मी ते बाईला विचारलं. ती "नो वरीज" म्हणाली आणि आईचा हात थोपटला. पण तिच्या चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती.

घरी आल्यावर आई अंगणात शोधायला लागली. कुंड्या सरकवल्या, कचऱ्याचे डबे हलवले, गुडघे दुखतात तरी खाली बसून कुंपणाच्या फटी पाहिल्या. माझी लेक दारातून म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ ग्रासहॉपर."

"तो आपणहून नव्हता आला गं," आई म्हणाली. "मी आणला."

मी तिथेच उभी होते. ती माझ्याकडे बघून बोलली नव्हती, तरी मला जे ऐकू यायचं ते आलं. मी आत जाऊन उगाचच भांडी आवरत बसले.

रविवारी सकाळी तो तुळशीच्या कुंडीच्या सावलीत सापडला. आईने त्याच्यावर वाटी घातली, पुठ्ठा लावला आणि आम्ही माळावर गेलो. इथेच सोडू, म्हटलं, तर ऐकेना. खुडलेल्या दुर्वांची जागा सापडेपर्यंत चालत राहिली. तिथे तिने वाटी तिरकी धरली. तो बराच वेळ काठावर बसून होता. मग त्याने उडी मारली आणि वाळक्या गवतात दिसेनासा झाला.

"माझं तिकीट काढ," आई म्हणाली.

"तिकडे तुला कोण आहे, आई?"

"कोणी नाही." ती ओढणीने वाटी पुसत होती. "पण तिथे मला अंधारातसुद्धा चालता येतं. तुझं काही चुकलं नाही बाळा. तू खूप केलंस. पण इथे मी त्या खिडकीशीच बसून राहीन."

मला राग आला. घरी येऊन बाथरूमचं दार लावून रडले, आणि मग तिकीट काढलं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. आई पुण्यात एकटीच राहते आणि मला रोज तिची काळजी वाटते. शेजारच्या मुलीकडे किल्ली आहे. एकदा बाथरूममध्ये पडली तेव्हा मी पोचेपर्यंत प्लास्टरसुद्धा घालून झालं होतं. मी पुन्हा म्हणाले, आता तरी चल. ती पुन्हा नाही म्हणाली.

दर नोव्हेंबरात मी माळावर जाते आणि झुबक्यांच्या कडेने वाकून वाकून बघते. एखाद्या वर्षी काहीच दिसत नाही. दिसला तर तिथूनच तिला फोन लावते. तिच्याकडे तेव्हा पहाट असते, पण ती उठलेली असते.

"आहे का गं जागेवर?" ती विचारते.

"आहे."

"मग असू दे," ती म्हणते.