नेच्यावरचा करपा

एकाच नेच्याचा निर्वंश मी दोनदा करून दाखवला आहे.

हा नेचा (शहाणी माणसं त्याला फर्न म्हणतात) सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरचा. पोलादपूरजवळची त्यांची विहीर रस्ता रुंद करताना बुजवली, तेव्हा कठड्यातलं एवढं एकच झाड तिने महाडला आणलं. त्याची रोपं करून दोन्ही बहिणींना द्यायची, हा तिचा ध्यास. (मला तिने एवढ्या मायेने कधी पाणी विचारलेलं नाही.)

श्रावणात ती बहिणीकडे गेली आणि इकडे पानांमागे तपकिरी ठिपके उठले. भातशेतीत जन्म काढलेल्या आमच्या आईने चष्मा वर केला. "करपा हाय रे. पानं काढ, नायतर झाड जातंय."

बायकोच्या माहेरच्या झाडाला कात्री लावायची माझी छाती नव्हती. मी जुन्या टूथब्रशने एकेक पान घासलं आणि ते पाणी मागच्या मोरीच्या भिंतीवर फेकलं. "आता कसं गोरंगोमटं दिसतंय," आई म्हणाली.

सुनंदा परतली, तिने पान उलटून पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"ठिपके कुठे गेले?"

"करपा होता. घासून काढला."

"अहो, करपा कधी असा शिस्तीत दोन ओळींत उभा राहतो का? ते बीजाणू होते. नेच्याला फूल नाही, बी नाही. सगळा वंश त्या ठिपक्यांत."

आईने तोंडाला पदर लावला. "फुलाबिगर पोरं? काय बाय तरी एकेक."

त्या घासाघाशीने दिवाळीपर्यंत झाडानेच मान टाकली. सुनंदा कुंडीजवळ बसून रडली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भरपाई म्हणून, तिच्या बहिणी यायच्या आधी, मी मोरीची शेवाळलेली भिंत तारेच्या ब्रशने खरवडली आणि तिला ऐटीत बोलावलं. तिने खाली पडलेला एक हिरवा कण नखावर घेतला. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा होता.

"हे शेवाळ नाही हो. बीजाणू रुजला की आधी हा बदाम होतो, मग त्यातून नेचा फुटतो. तुम्ही फेकलेल्या पाण्यातूनच उगवले होते."

मी ब्रश पाठीमागे लपवला.

"सगळी भिंत घासलीत?"

"पिंपामागची तेवढी राहिली," मी पुटपुटलो. "पिंप सरकवायचा कंटाळा आला."

लग्नानंतर प्रथमच तिने माझ्या आळशीपणाकडे प्रेमाने पाहिलं. पिंपामागचे बदाम शाबूत होते. आज तिच्या दोन्ही बहिणींच्या दारात नेचे आहेत. आणि मी घरात कशाला हात लावला की सुनंदा धावत येते, "तुम्ही बसून राहा हो. काहीतरी उगवेल."